यार्नम : ज्या शहराचं औषधच त्याचा आजार ठरलं

एखाद्या शहरात असं रक्त मिळतं, की ते अंगात चढवलं की असाध्य आजारही बरा होतो, अशी बातमी कानावर आली तर मरणाच्या दारात उभा असलेला माणूस काय करेल? मिळेल त्या वाटेने तो तिकडे निघेल. ‘ब्लडबॉर्न’ या व्हिडिओ गेमची सुरुवात अशाच एका परदेशी रुग्णापासून होते. तो ज्या शहरात पोहोचतो त्याचं नाव यार्नम.

उंच मनोरे, दगडी पूल, साखळदंडाने बांधलेल्या शवपेट्या आणि आकाशात भलामोठा चंद्र, अशी दृश्यं असलेले या गेमचे व्हिडिओ सोशल मीडियावर सतत फिरत असतात. ते पाहून अनेकांना प्रश्न पडतो, की या शहरात नेमकं घडलं तरी काय? गेममध्ये याचं सरळ उत्तर कुठेच मिळत नाही. वस्तूंची वर्णनं, बंद दारांमागचे आवाज आणि भिंतींवरच्या खुणा जोडत जोडत ते शोधावं लागतं. यार्नमची ती गोष्ट या लेखात एकसलग समजून घेऊया.

(पुढे गेममधली बरीच रहस्यं उलगडली आहेत. स्वतः खेळून पाहायचं असेल तर आधी खेळा, मग वाचा.)

यार्नम आलं कुठून?

‘ब्लडबॉर्न’ हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने बनवलेला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम आहे. रोल-प्लेइंग म्हणजे खेळाडूने एक पात्र घ्यायचं, त्याची ताकद आणि शस्त्रं हळूहळू वाढवायची आणि त्या जगात आपली वाट काढायची. सोनीने हा गेम मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी बाजारात आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘द ओल्ड हंटर्स’ हा त्याचा जोडभाग आला. यार्नमची सगळ्यात काळी गुपितं या जोडभागातच आहेत.

गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. ‘डीमन्स सोल्स’ (२००९) आणि ‘डार्क सोल्स’ (२०११) या गेम्समुळे त्यांचं नाव आधीच जगभर झालं होतं. त्या दोन्हींचा काळ मध्ययुगीन होता, किल्ले आणि सरदारांचा. ‘ब्लडबॉर्न’मध्ये ते एकोणिसाव्या शतकातल्या युरोपसारख्या दिसणाऱ्या जगात आले. इथे अंगावर चिलखताऐवजी लांब कोट आहे, डोक्यावर टोपी आहे, एका हातात करवतीसारखं शस्त्र आणि दुसऱ्या हातात पिस्तूल आहे.

शहराची कीर्ती आणि रक्तोपचार

यार्नम हे डोंगरदऱ्यांत वसलेलं, जगापासून तुटलेलं जुनं शहर. त्याची सगळी कीर्ती एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे रक्तोपचार. रुग्णाला पलंगावर झोपवायचं, नळी लावायची आणि ‘विशेष’ रक्त त्याच्या शरीरात सोडायचं. जखमा भरतात, रोग हटतात. दूरदूरचे आजारी लोक तीर्थयात्रेला यावं तसे या शहरात येतात.

हे उपचार ज्या संस्थेच्या हातात आहेत, तिचं नाव हीलिंग चर्च. नावातच रुग्णालय आणि देऊळ एकत्र आलं आहे. इथे उपचार करणारा पुजारीही असतो आणि रक्त घेणं हा औषधोपचार असतो तसाच धार्मिक विधीही असतो. त्यामुळे औषधावर शंका घेणं म्हणजे श्रद्धेवर शंका घेणं. शहराचा घात इथेच होतो.

हळूहळू यार्नमला रक्ताची चटक लागते. या शहरात दारूपेक्षा रक्त जास्त तयार केलं जातं, कारण त्याची नशा दारूहून मोठी आहे, असं एका वस्तूच्या वर्णनात येतं. औषध म्हणून आलेली गोष्ट व्यसन होऊन बसते.

शिकारीची रात्र म्हणजे काय?

रक्त घेतलेली माणसं पुढे बदलू लागतात. अंगावर केस वाढतात, हात लांब होतात, डोळ्यांची बुबुळं विरघळल्यासारखी दिसू लागतात आणि शेवटी माणसाचं श्वापद होतं. या रोगाला बरं करणारं औषध शहराकडे नाही. म्हणून चर्च शिकारी तयार करतं. ठरावीक रात्री शिकारी रस्त्यावर उतरतात आणि श्वापद झालेल्यांना मारतात. त्या रात्री बाकीचे लोक दारं लावून, उंबऱ्याबाहेर धूप जाळून आत बसतात. त्या वासाने श्वापदं दूर राहतात असा त्यांचा विश्वास असतो.

खेळाडू शहरात पोहोचतो तो नेमका अशाच एका रात्रीच्या तोंडावर. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्याला मशाली आणि फाळ घेतलेले गावकरी दिसतात. चौकात एक श्वापद खांबाला बांधून जाळलेलं असतं. गंमत म्हणजे शिकारीला निघालेले हे गावकरी स्वतःच अर्धे श्वापद झालेले आहेत आणि ते त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. समोर परका माणूस दिसला, की सगळा दोष त्याच्यावर टाकून ते तुटून पडतात. आजार घरातला आणि राग परक्यावर, असा हा प्रकार.

शहराची रचना

यार्नम आडवं पसरलेलं नाही, ते उभं रचलेलं आहे. घरांवर घरं, पुलांखाली पूल आणि त्याखाली गटारं. एखादं बंद फाटक आतून उघडलं, की दोन तासांपूर्वी जिथून निघालो होतो तिथेच आपण परत आलो, हे खेळाडूला कळतं. शहराचे मुख्य भाग असे:

- मध्य यार्नम : सामान्य लोकांची वस्ती. मोठा पूल, बग्ग्या, अरुंद गल्ल्या आणि बंद खिडक्या.
- कॅथेड्रल वॉर्ड : हीलिंग चर्चचा भाग. भव्य प्रार्थनागृह आणि इडॉन चॅपल इथेच आहे. अनेक वाटा या चॅपलपाशी येऊन मिळतात.
- जुनं यार्नम : दरीत खाली असलेला, जाळून टाकलेला भाग.
- हेमविक : मृतदेहांची विल्हेवाट लावणारी वस्ती.
- याहारगुल : लपवलेलं गाव. ‘स्कूल ऑफ मेन्सिस’ नावाच्या गटाचे प्रयोग इथे चालतात.
- वरचा कॅथेड्रल वॉर्ड : चर्चमधल्या सर्वोच्च गटाचा, म्हणजे ‘क्वायर’चा बंदिस्त भाग. चर्चचं अनाथालयही इथेच आहे.

या शहरात वेळ घड्याळाप्रमाणे पुढे सरकत नाही. खेळाडूने एखादा मोठा शत्रू मारला, की संध्याकाळची रात्र होते आणि पुढे चंद्र लाल होतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच गल्ल्या वेगळ्या दिसतात आणि आधी खिडकीतून बोलणारी माणसं एकेक करून गप्प होतात.

जुनं यार्नम का जाळलं?

जुन्या यार्नममध्ये फार पूर्वी एक विचित्र आजार पसरला होता. त्याला ‘ॲशन ब्लड’, म्हणजे राखेसारखं रक्त, म्हणत. त्यावर गोळ्या दिल्या गेल्या, पण त्यांनी तात्पुरताच आराम पडायचा. याच आजारातून पुढे श्वापदरोग पसरला. शेवटी हा सगळा भाग पेटवून देण्यात आला आणि दार लावून घेण्यात आलं.

आज तिथे एका मनोऱ्यावर जुरा नावाचा जुना शिकारी बसलेला असतो. तो शिकाऱ्यांवरच गोळ्या झाडतो. त्याचं म्हणणं साधं आहे. खालची श्वापदं कुणाला त्रास देत नाहीत आणि ती मुळात माणसंच आहेत. खेळाडू त्याला मारू शकतो. पण नंतर दुसऱ्या वाटेने, खालून, त्याच्यापर्यंत शांतपणे पोहोचलं तर त्याच्याशी बोलताही येतं आणि त्याला न मारताही पुढे जाता येतं.

हा आजार चर्चनेच मुद्दाम पसरवला होता का, यावर चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे. गेम त्यावर ठाम उत्तर देत नाही, त्यामुळे तो अंदाजच समजायला हवा.

हे रक्त आलं कुठून?

यार्नमच्या खाली त्याहून कितीतरी जुनी थडगी आणि भुयारं आहेत. थुमेरियन नावाच्या प्राचीन लोकांची ती जागा. बर्गनवर्थ या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिथे उतरून एक ‘पवित्र माध्यम’ शोधून काढलं. त्याचा संबंध ‘ग्रेट वन्स’शी होता. हे माणसाच्या आकलनापलीकडचे, देवासारखे जीव.

इथे गुरू आणि शिष्यात फूट पडली. विद्यापीठाचे प्रमुख विलेम यांचं मत होतं, की माणसाने या जीवांच्या पातळीवर पोहोचायचं तर बुद्धी आणि दृष्टी वाढवून पोहोचावं, त्या जुन्या रक्ताला मात्र भ्यावं. त्यांचा शिष्य लॉरेन्स याला रक्ताचाच मार्ग जवळचा वाटला. तो विद्यापीठ सोडून गेला आणि त्याने हीलिंग चर्च उभारलं.

लॉरेन्सचं पुढे काय झालं, हे भव्य प्रार्थनागृहात कळतं. तिथे वेदीवर जपून ठेवलेली त्याची कवटी माणसाची नाही, श्वापदाची आहे. उपचार सुरू करणारा माणूसच चर्चमधला पहिला श्वापद झाला होता. चर्चला हे माहीत होतं आणि तरी उपचार थांबले नाहीत.

चर्चच्या बंद दारांमागे

‘द ओल्ड हंटर्स’ या जोडभागात चर्चचं संशोधन केंद्र दिसतं. तिथले रुग्ण खाटांना बांधलेले आहेत, त्यांची डोकी पाण्याने भरल्यासारखी फुगली आहेत. बरं होण्याच्या आशेने आलेल्या या माणसांवर ‘ग्रेट वन्स’शी संपर्क साधण्याचे प्रयोग झाले आहेत. तरीही त्यातल्या काही जणी शेवटपर्यंत लेडी मारियाचं नाव घेत असतात, कारण तिथे त्यांच्याशी मायेने वागलेली ती एकटीच होती.

त्याही पलीकडे एक कोळीवाडा आहे. तिथल्या किनाऱ्याला कॉस नावाचा ‘ग्रेट वन’ मरून लागला होता. बर्गनवर्थचे अभ्यासक आणि पहिले शिकारी तिथे पोहोचले, त्यांनी गावकऱ्यांची कत्तल केली आणि त्यांच्या कवट्या उघडून आत काही सापडतं का ते पाहिलं. या पापाचा शाप शिकाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना लागला, अशी ही कथा आहे. यार्नमच्या सगळ्या ज्ञानाच्या मुळाशी एका गरीब गावाचं हत्याकांड आहे.

जितकं कळेल तितकं वाईट

गेममध्ये ‘इनसाइट’ नावाचा एक आकडा आहे. विचित्र गोष्टी पाहिल्या की तो वाढतो. एक तरी गुण मिळाला, की शिकाऱ्याच्या स्वप्नातली निर्जीव बाहुली बोलू लागते. चाळीस गुण झाले, की कॅथेड्रल वॉर्डमधल्या इमारतींना चिकटून बसलेले प्रचंड, अनेक हातांचे जीव दिसू लागतात. ते तिथे पहिल्यापासूनच होते. आपणच त्यांच्याखालून निर्धास्त फिरत होतो.

इनसाइट कमी असणाऱ्यांनाही पुढे हे दिसतंच. बर्गनवर्थजवळच्या तळ्यातली रोम नावाची कोळी हे सत्य झाकून ठेवत असते. तिला मारल्यावर चंद्र लाल होतो, लहान बाळाचं रडणं ऐकू येतं आणि रक्ताने माखलेल्या पांढऱ्या पोशाखातली एक स्त्री समोर उभी दिसते. ती थुमेरियन लोकांची राणी. तिचंही नाव यार्नम!

गास्कॉइनचं घर

एवढ्या मोठ्या कथेत बहुतेक खेळाडूंच्या लक्षात राहतं ते एक छोटं घर. मध्य यार्नममध्ये एका खिडकीतून लहान मुलगी बोलते. तिची आई शिकारीवर गेलेल्या बाबांना शोधायला बाहेर पडली आहे आणि परतलेली नाही. बाबा स्वतःला विसरले, तर त्यांना आठवण यावी म्हणून एक गाणं वाजवणारी पेटी घरात असते, पण आई ती न्यायला विसरली. मुलगी ती पेटी खेळाडूच्या हातात देते.

बाबा म्हणजे फादर गास्कॉइन, परदेशातून आलेला शिकारी. तो स्मशानात भेटतो आणि समोर येईल त्याच्यावर कुऱ्हाड चालवतो. पेटी वाजवली की तो क्षणभर डोकं धरून थांबतो. पण उशीर झालेला असतो. शेवटी तोही श्वापद होतो. जवळच्याच छपरावर त्याच्या बायकोचं प्रेत पडलेलं असतं, तिच्यापाशी लाल खड्याची ब्रूच असते.

परत येऊन मुलीला काय सांगायचं, हे गेम खेळाडूवर सोडतो. ब्रूच दिली तर ती रडत बसते. सुरक्षित जागेचा पत्ता दिला तर ती एकटी निघते आणि वाटेतच संपते, तिची रक्ताळलेली रिबीन तेवढी सापडते. तिला वाचवण्याची कुठलीच वाट नाही. चर्च आणि विद्यापीठाच्या भांडणाची किंमत कुणी मोजली, ते या एका घरात दिसतं.

शेजारच्याच भागात गिल्बर्ट नावाचा आजारी माणूस आहे. तोही उपचारांसाठी आलेला परदेशी. खोकत खोकत तो खेळाडूला रस्ता सांगतो, मदत करतो. निदान माणूस म्हणून मरता येईल याचं त्याला समाधान असतं. लाल चंद्र उगवल्यावर त्याच्या घराजवळ एक श्वापद हिंडताना दिसतं.

खऱ्या इतिहासातलं रक्त

यार्नमचे रक्तोपचार काल्पनिक असले, तरी युरोपच्या इतिहासात त्यांच्याशी जुळणाऱ्या घटना आहेत. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्टिस्ट डेनिस या वैद्याने मेंढीचं रक्त माणसाच्या शरीरात सोडलं होतं. पुढे एका रुग्णाचा मृत्यू झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे अशा प्रयोगांवर बंदी आली. सुमारे दीडशे वर्षांनी, १८१८ मध्ये, लंडनचे डॉक्टर जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला देण्याचा प्रयोग केला. त्यानंतरही काही रुग्ण वाचायचे आणि काही दगावायचे, कारण रक्तगट ही गोष्टच कुणाला माहीत नव्हती. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रुग्णासाठी परक्याचं रक्त घेणं ही खरोखरच जिवावरची बाजी होती. ‘ब्लडबॉर्न’ने तीच भीती उचलली आहे.

ड्रॅक्युला, लव्हक्राफ्ट आणि मुंबई

गेमचा पहिला अर्धा भाग ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीच्या वळणाने जातो. रक्त, रात्र, लांडग्यांसारखी श्वापदं, दुर्गम भाग, सगळं त्यात आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाची छाप आहे. विश्वात माणसाहून अफाट शक्ती आहेत आणि त्यांची ओळख झाली की माणसाचं मन मोडतं, ही त्याच्या कथांची मध्यवर्ती कल्पना. रक्तपिशाच्चांची वाटणारी गोष्ट अर्ध्यावर वैश्विक भयकथा होते, ते यामुळे.

शहराचं रूप मात्र गॉथिक आहे. टोकदार कमानी, आकाशाकडे जाणारे मनोरे आणि भिंतींवर कोरलेल्या विचित्र आकृती ही या शैलीची ओळख. मध्ययुगात युरोपात जन्मलेली ही शैली एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी पुन्हा वापरात आणली आणि ती मुंबईतही आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर, मुंबई उच्च न्यायालय या इमारती त्याच कुळातल्या. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यार्नमचे मनोरे पाहताना मुंबईकराला ओळखीचं काही दिसलं, तर त्याचं कारण हे आहे.

रात्र संपते कशी?

गेमचे तीन शेवट आहेत. पहिल्यात खेळाडू स्वप्नातला मार्गदर्शक गर्मन याच्यापुढे मान झुकवतो, मृत्यू पत्करतो आणि पहाटेच्या उजेडात यार्नममध्ये जागा होतो. दुसऱ्यात तो नकार देतो, गर्मनशी लढतो आणि त्याच्याच चाकाच्या खुर्चीत अडकून पडतो. तिसरा शेवट काही दुर्मीळ वस्तू गोळा केल्या तरच मिळतो. त्यात खेळाडू स्वप्नाच्या मालकालाच, ‘मून प्रेझेन्स’ला हरवतो आणि स्वतः एक बालरूप ‘ग्रेट वन’ होतो.

तिन्ही शेवटांत एक गोष्ट सारखी आहे. खेळाडूचं काहीतरी होतं, शहराचं मात्र काहीच बरं होत नाही. इडॉन चॅपलमध्ये ज्यांना आणून सोडलं, त्यातली एखाद-दोन माणसं वाचली तर वाचली. म्हणूनच अनेक खेळाडू दुसऱ्यांदा खेळताना मोठे शत्रू मारण्याआधी एकेका बंद खिडकीपाशी थांबतात, दार ठोठावतात आणि आत अजून कुणी बोलतंय का ते ऐकतात.